पाण्याचा ताळेबंद: परसातील मासे आणि भाजीपाला

मासे ज्या पाण्यात वाढतात तेच पाणी भाजीच्या मुळांतून फिरवून पुन्हा माशांकडे आणण्याच्या पद्धतीला ‘ॲक्वापोनिक्स’ म्हणतात. हा शब्द मत्स्यसंवर्धन आणि मातीविना शेती या दोन विद्यांच्या इंग्रजी नावांतून जुळवलेला आहे. मात्र त्यामागील कल्पनेला शतकांचे वय आहे. चीनमधील भातखाचरांत आणि केरळमधील पोक्कळी शेतांत भात आणि मासे एकाच पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढत आले आहेत. महाराष्ट्रातही विहिरीत मासे किंवा कासव सोडण्याची रीत होती आणि त्यामागे पाणी जिवंत राहावे हीच समजूत होती. आधुनिक शास्त्राने भर घातली ती मापांची. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी माशांना घातलेले खाद्य आणि त्यावर पोसली जाणारी भाजीची जागा यांचे गुणोत्तर वर्षानुवर्षे मोजले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये घरगुती आकाराच्या ॲक्वापोनिक्सवर सविस्तर तांत्रिक पुस्तिका काढली, तोवर ही पद्धत प्रयोगशाळेच्या आवारातून परसात उतरू लागली होती.

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याच्या संदर्भात या पद्धतीचा विचार करण्याचे कारण असे की, पाण्याचा हिशेब मांडणे ही गोष्ट या तालुक्याला नवी नाही. तालुक्याच्या एका अंगाला कृष्णाकाठ आणि धोम धरणाच्या कालव्यावर पोसलेला ऊस, तर दुसऱ्या अंगाला खटावकडे सरकत जाणारा, पावसाने वारंवार दगा दिलेला टापू, अशी येथील स्थिती आहे. २०१६ साली पाणी फाउंडेशनने पहिली ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा घेतली ती अमरावतीतील वरूड, बीडमधील अंबाजोगाई आणि साताऱ्यातील कोरेगाव या तीनच तालुक्यांत, आणि तिचे पहिले पारितोषिक कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने मिळवले. किती पाऊस पडला, किती अडवला, किती मुरवला आणि किती वापरला, हा जो ताळेबंद गावाच्या शिवारात मांडला जातो, तोच परसातील हजार लिटर पाण्यापुरता मांडणे म्हणजे ॲक्वापोनिक्स होय. ज्याला हा ताळेबंद जमतो त्याचे मासे जगतात. केवळ टाकी आणि नळ्या जोडून संच उभा राहतो, पण चालत नाही.

या ताळेबंदाच्या केंद्रस्थानी नत्र आहे. माशाने खाल्लेल्या प्रथिनांपैकी मोठा भाग त्याच्या अंगी लागत नाही आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. अमोनिया साठत गेला तर माशाला विषारी ठरतो, आणि बंद टाकीतील मासे बहुधा याच कारणाने मरतात. पाण्यात आणि ओल्या खडीवर राहणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सर्गेई विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जिवाणू प्रथम वेगळे करून दाखवले. यांपैकी नायट्राइट माशाच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती मारते, तर नायट्रेट माशाला बऱ्याच प्रमाणात सोसते आणि भाजीला तर तेच खत म्हणून हवे असते. मासे, जिवाणू आणि झाडे अशा या त्रिकुटात जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून नवशिके लोक माशांची आणि रोपांची खरेदी आधी करतात. वास्तविक घरात सर्वांत आधी यावयाचे पाहुणे जिवाणूच असतात.

संचाचा आकार ठरवताना टाकीपासून नव्हे तर खाद्यापासून सुरुवात करणे हे रॅकोसी यांच्या कामाचे खरे फलित आहे. खडी भरलेल्या वाफ्यात पालेभाज्या घ्यावयाच्या असतील तर एका चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम माशांचे खाद्य पुरते, आणि टोमॅटो, मिरची यांसारख्या फळभाज्यांना ५० ते ८० ग्रॅम लागते. चार-पाच माणसांच्या कुटुंबाने दोन चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेएकवीस चौरस फूट वाफा धरला, तर रोज १०० ग्रॅम खाद्य संचात जावे लागते. वाढलेला मासा दिवसाला आपल्या वजनाच्या एक ते दोन टक्के खातो. दीड टक्का धरल्यास १०० ग्रॅम खाद्य संपवण्यास साडेसहा-सात किलो वजनाचे मासे हवेत, म्हणजेच प्रत्येकी दोनशे ग्रॅमचे तेहतीस-चौतीस मासे. हजार लिटर पाण्यात एवढे वजन सुखाने राहते. अनुभवी लोक याच पाण्यात २० किलोंपर्यंत जातात, परंतु वीज गेल्यावर जो अवधी हाताशी राहतो तो माशांच्या गर्दीच्या उलट प्रमाणात असतो, हे ध्यानात ठेवून पहिल्या वर्षी गर्दी टाळणेच शहाणपणाचे आहे.

वाफ्यांसाठी एक चौरस मीटरचे दोन खोके, प्रत्येकी ३० सेंटीमीटर खोल, पुरेसे होतात. एकच मोठा वाफा करण्यापेक्षा दोन बरे, कारण एक दुरुस्तीला काढला तरी दुसऱ्यातील जिवाणू पाणी गाळत राहतात. या दोन वाफ्यांत मिळून ६०० लिटर खडी बसते आणि तिचे वजन जवळजवळ एक टन भरते. त्यात पाणी आणि शेजारी हजार लिटरची टाकी धरली तर एकूण भार दोन टनांच्या वर जातो. राहत्या घराच्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो भार धरून आखलेला असतो, आणि येथे टाकीखालील एका चौरस मीटरवरच हजार किलो येतात. तेव्हा अभियंत्याने तपासल्याखेरीज हा संच गच्चीवर नेऊ नये. कोरेगाव परिसरातील बहुतेक घरांना थोडे तरी परस असते, आणि जमिनीत निम्मी गाडलेली टाकी उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार राहते हा त्याचा अधिकचा लाभ आहे.

खडीच्या बाबतीत हा प्रदेश भाग्यवान आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, खडी येथील क्रशरवर सहज मिळते. ती पाण्यात विरघळत नाही आणि पाण्याचे रासायनिक स्वरूप बदलत नाही. अर्धा इंची खडी घेऊन तिच्यातील भुकटी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली की ती वर्षानुवर्षे टिकते. मात्र ओढ्याकाठच्या किंवा काळ्या रानातील गोट्यांत चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेले असतात आणि ते पाण्यात हळूहळू विरघळून त्याचा सामू, म्हणजेच पीएच, चढवत राहतात. मूठभर खडे व्हिनेगरमध्ये टाकून बुडबुडे येतात का हे पाहिल्यास चुनखडी चटकन ओळखता येते. टाकी आणि नळ्या प्लास्टिकच्या असाव्यात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, तांब्याची नळी किंवा पितळी तोटी फिरत्या पाण्यात ठेवू नये, कारण पाण्यात उतरणारे जस्त आणि तांबे माणसाला जाणवणारही नाही इतक्या अल्प मात्रेत माशांना बाधते.

पाणी फिरवण्यासाठी तासाला हजार लिटर उचलणारा लहान बुडता पंप पुरतो. तो साधारण ४० वॅटचा असला आणि रात्रंदिवस चालला तरी दिवसाला एक युनिटच्या आतच वीज घेतो. पंपाने वर गेलेले पाणी दोन्ही वाफ्यांत सारखे विभागले जाते आणि तेथे ‘बेल सायफन’ नावाची एक साधी पण फार सुंदर युक्ती काम करते. वाफ्याच्या तळातून वर आलेली उभी नळी आणि तिच्यावर उपडी घातलेली, तळाशी खाचा पाडलेली व वरून बंद असलेली रुंद नळी, एवढाच तिचा पसारा असतो. पाणी उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढले की ती ओसंडू लागते, उपड्या नळीतील हवा बाहेर ओढली जाते आणि वक्रनलिकेच्या नियमाने सारा वाफा एका दमात रिकामा होतो. तळाच्या खाचांतून हवा शिरताच हा ओघ तुटतो आणि वाफा पुन्हा भरू लागतो. खडीतील पोकळी चाळीस टक्के आणि पाण्याची उंची २५ सेंटीमीटर धरली तर एका वाफ्यात सुमारे १०० लिटर पाणी मावते, म्हणजे ताशी ५०० लिटरच्या धारेने तो बारा मिनिटांत भरतो. प्रत्येक भरतीला मुळांना पाणी व खत मिळते आणि प्रत्येक ओहोटीला खडीच्या फटींत ताजी हवा ओढली जाते. जिवाणूंना ही हवा अन्नाइतकीच गरजेची असते. कोणत्याही विजेच्या कळीविना, फिरत्या भागाविना चालणारे हे यंत्र नीट जमेपर्यंत नळ्यांच्या लांबी-रुंदीत थोडी खटपट करावी लागते, आणि ती खटपट मासे आणण्यापूर्वी करावी.

आता पाण्याकडे वळावे लागेल, कारण कोरेगावसारख्या ठिकाणी संचाचे भवितव्य पंपापेक्षा पाण्याच्या जातीवर अधिक ठरते. बेसाल्टच्या भेगांतून विहिरीत किंवा बोअरमध्ये येणारे पाणी बहुधा जड असते. त्यात बायकार्बोनेटचा साठा असतो आणि सामू आठच्या आसपास राहतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत वावरतो, आणि त्यांपैकी विषारी रूपाचे प्रमाण सामूबरोबर चढते. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सामू सात असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक भाग विषारी असतो, तर सामू आठ असताना तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. एकाच मापाचा अमोनिया नदीच्या मऊ पाण्यात निरुपद्रवी आणि बोअरच्या जड पाण्यात घातक ठरतो तो यामुळेच. आणखी एक अडचण अशी की, सामू चढा असला की पाण्यातील लोह झाडाला घेता येत नाही. नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

परंतु या जड पाण्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होते आणि ते बायकार्बोनेटचा साठा खात जाते. बत्तीस टक्के प्रथिनांच्या १०० ग्रॅम खाद्यात पाच ग्रॅम नत्र असते. त्यातील सुमारे तीन ग्रॅम अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरले असे धरले, तर एका ग्रॅममागे सात ग्रॅमहून किंचित अधिक या दराने रोज चुनखडीच्या मापात एकवीस ग्रॅम साठा खर्च होतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम साठा असलेले बाराशे लिटर पाणी संचात फिरत असेल तर त्यात एकूण ३६० ग्रॅमची शिल्लक असते, आणि अडीच आठवड्यांत ती कागदावर तरी संपते. प्रत्यक्षात झाडांची मुळे नायट्रेट घेताना त्यातील काही भाग परत करतात आणि रोजच्या भरीच्या पाण्यातून थोडी जमा होते, म्हणून सामू हळूहळू उतरत सातजवळ येतो. आरंभीचा आठ सामू पाहून घाईने आम्ल ओतणारे लोक हीच शिल्लक उधळतात. योग्य मार्ग असा की, सुरुवातीचे काही आठवडे खाद्य कमी ठेवावे, पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी साठवून ते विहिरीच्या पाण्यात निम्मे मिसळावे आणि सामूला आपल्या गतीने उतरू द्यावे. पुढे तो साडेसहाच्या खाली जाऊ लागला तर चुन्याची निवळी आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून, थोडे थोडे द्यावे, म्हणजे झाडांना कॅल्शियम व पालाशही मिळते. माशांच्या खाद्यात हे दोन्ही भाजीच्या गरजेपेक्षा कमी असतात. ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी वापरावयाचे असेल तर त्यातील टीसीएल पावडरचा क्लोरीन उडून जावा म्हणून ते उघड्या पिंपात हवा सोडत एक-दोन दिवस ठेवणे आवश्यक आहे, कारण क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो आणि उपयोगी जिवाणूंना तो वेगळे ओळखत नाही.

लोहाची उणीव मात्र बाहेरून चिलेट देऊनच भरून काढावी लागते. चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवून पाण्यात विरघळलेले राखणारे संयुग. त्याचे ईडीटीए हे स्वस्त रूप जड पाण्यात लवकर निकामी होते आणि ईडीडीएचए हे रूप चढ्या सामूतही टिकते. चुनखडीच्या रानांत द्राक्षे पिकवणाऱ्या तासगाव भागातील बागायतदारांना हे नाव परिचित आहे आणि कृषी सेवा केंद्रात ते मिळते. लिटरला दोन मिलिग्रॅम लोह या मापाने बाराशे लिटरला सहा टक्के लोह असलेले ४० ग्रॅम चिलेट तीन आठवड्यांतून एकदा पुरते. त्याने पाणी लालसर दिसते, त्यात भय नाही.

संच सुरू करण्याचा काळ मत्स्यबीजाच्या हंगामावरून ठरवावा. जिरे, अर्धबोटुकली आणि बोटुकली या माशाच्या पिलांच्या चढत्या अवस्था असून बोटाएवढी वाढलेली बोटुकली पावसाळ्याच्या मध्यापासून मिळू लागते. जिवाणूंची वसाहत जमण्यास चार ते सहा आठवडे लागत असल्याने मृगाच्या सुमारास पाणी फिरवू लागावे, त्यात अत्यल्प अमोनिया किंवा चिमूटभर खाद्य रोज टाकावे आणि चालू मत्स्यालयातील ओंजळभर खडी विरजणासारखी वाफ्यात मिसळावी. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने पाहिल्यास आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागताच नायट्राइट चढते आणि अखेर तेही शून्यावर येऊन नायट्रेट तेवढे दिसते. हा क्रम पूर्ण होईपर्यंत एकही मासा सोडू नये.

कोणता मासा, या प्रश्नाचे उत्तर हवामान, कायदा आणि घराचा आचार या तिन्हींकडे पाहून द्यावे लागते. जगभर या पद्धतीत तिलापिया, म्हणजे महाराष्ट्रातील धरणांवर ज्याला चिलापी म्हणतात तो मासा, पाळतात. भारतात त्याच्या संवर्धनासाठी शासनाची परवानगी लागते, आणि शिवाय कोरेगावच्या हिवाळी रात्री त्याला मानवत नाहीत, कारण पाणी सोळा-सतरा अंशांखाली गेले की तो खाणे सोडतो. पंगस हवेतून श्वास घेऊ शकत असल्याने काटक वाटतो, पण थंडीत तोही कच्चा आहे. थाई मांगूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी माशावर २००० सालापासून बंदी आहे आणि स्थानिक मासे फस्त करण्याची त्याची वृत्ती पाहता ती योग्यच आहे. रोहू आणि कटला तळ्यात जोमाने वाढतात, टाकीत मात्र खुरटतात. उरतो तो सायप्रिनस. हा मासा थंडी, ऊन आणि जड पाणी तिन्ही सोसतो. वारकरी परंपरेमुळे या भागात माळकरी घरे बरीच आहेत आणि तेथे मासा ताटात येणार नाही. अशा घरांनी सायप्रिनसचाच रंगीत भाऊबंद असलेला कोई पाळावा. भाजीला नत्र हवे असते, आणि तो नत्र खाण्याच्या माशाकडून आला की शोभेच्या, यात तिला काही फरक पडत नाही.

संच चालू झाल्यावर रोजचे काम पंधरा मिनिटांचे असते. मासे पंधरा-वीस मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य दोन वेळा घालावे, उरलेले गाळणीने काढावे आणि मासे खाण्यास वर येईनासे झाले तर त्या दिवशी उपास घडवून पाणी तपासावे. उन्हाळ्यातील खरा धोका रात्रीचा आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. त्यात चैत्र-वैशाखात वळवाचे वादळ सायंकाळी येते, तारा तुटतात आणि वीज जाते ती नेमकी अशा रात्री, जेव्हा पाणी कोमट आणि मासे भरपेट असतात. म्हणून बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप हा या संचातील चैनीचा नव्हे तर पहिल्या खरेदीचा भाग आहे, आणि आभाळ भरून आलेल्या संध्याकाळी खाद्य न घालणे हा त्याहूनही स्वस्त उपाय आहे.

शेतकरी घरात आणखी एक मोह सांभाळावा लागतो. शेण, गोमूत्र आणि गूळ यांचे जीवामृत रानात उपयोगी पडत असले तरी फिरत्या पाण्यात ते घातल्यास कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. शिवाय शेणातील जंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीपर्यंत पोहोचतात. बोर्डो मिश्रण किंवा इतर कोणतेही तांबेयुक्त औषध वाफ्याजवळ आणू नये, आणि कीटकनाशकाचा तर प्रश्नच नाही. मावा पडला तर तो हाताने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा. या संचात भाजीवर मारलेले सारे माशाच्या कल्ल्यांतून जाते, ही सक्ती भाजी खाणाऱ्याच्या दृष्टीने मोठी हमी आहे.

पालक, माठ, चाकवत, पुदिना आणि कोथिंबीर यांना हा वाफा मानवतो, आणि अळू तर येथे परसातील सांडपाण्यावर वाढतो त्यापेक्षा स्वच्छ व कोवळा निघतो. आले, हळद आणि भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडा यांची जागा मात्र मातीतच आहे. या भाजीला पाणी किती लागते, याबद्दल अतिशयोक्ती होऊ नये. झाड मातीत असो वा खडीत, पानांवाटे उडवायचे तेवढे पाणी ते उडवतेच. बचत होते ती मुरून जाणाऱ्या, वाहून जाणाऱ्या आणि तण पिणाऱ्या पाण्याची. संचातील पाण्याच्या एक ते तीन टक्के, म्हणजे बारा ते छत्तीस लिटर भर दिवसाला घालावी लागते. पैशाच्या हिशेबात एवढ्या लहान संचाचा नफा मोजणे व्यर्थ आहे. खाद्य विकतचे, वीज विकतची आणि मासे थोडे. डब्यात वेगळा वाढवलेला अझोला खाद्याचा काही भाग भरून काढतो, पण सगळा नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून सामान्य शेतकऱ्याला पान, ऊन आणि पाणी स्वतः मोजण्यास शिकवले. त्या शिकवणीचे मोल ज्याला कळते त्याला, तापमान, सामू, खाद्य आणि भरीचे पाणी यांची रोजची चार आकड्यांची वही हे या संचाचे पहिले पीक वाटेल.

मासे काढताना ते एकदम काढू नयेत, कारण खाद्य थांबले की नायट्रेट थांबते आणि भरात आलेली भाजी पिवळी पडू लागते. आठ-दहा महिन्यांनंतर आठवड्याला दोन-तीन मोठे मासे काढत जावे आणि श्रावणात नवी बोटुकली भरावी. वर्षातून एकदा वाफ्याचा तळ उपसला की काळसर गाळ निघतो. तो कढीपत्त्याच्या किंवा नारळाच्या आळ्यात ओतावा. नको झालेला मासा मात्र ओढ्यात, तिळगंगेत किंवा वसनेत सोडू नये, कारण हे सारे पाणी पुढे कृष्णेला मिळते आणि परक्या माशांची तेथे आधीच गर्दी झाली आहे.